फ्रिजमधली नदी

फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी
तीन बाटल्या.
झाकणांवर निळ्या शाईत माझं अक्षर:
सौसर. बिना संगम. अंभोरा.
बायको म्हणते, पाहुणे आले की लाज वाटते,
कोणी सरबत समजून प्यायलं तर?
मी म्हणतो, पीत तर आहोतच.

सुरुवात भांडणाची होती.
कामठीच्या खालच्या अंगाला, सुलोचना बावणेच्या जाळ्यात
एका सकाळी नुसत्या पांढऱ्या पोटाच्या मासोळ्या.
ओला पदर पिळत ती म्हणाली,
"वरून येऊन राह्यलं हे.
काहून कोणी वर जाऊन पाह्यत नाही?"
मी कॉलेजातला प्रयोगशाळा सहायक,
अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतलेला.
म्हटलं, मी जातो.

छिंदवाड्याच्या बसला हद्द कळते.
नाक्यावर कंडक्टर उतरतो, कागद दाखवतो,
चहा पिऊन येतो.
कन्हान तिथून न थांबता येते.

सौसरच्या इमरत धुर्वेची बोली आमचीच,
फक्त घराचं वीजबिल हिंदीत.
माझ्या खिशात मुद्दे होते, एक ते नऊ.
त्यानं आधी संत्रं सोललं,
अर्धं माझ्या हातावर ठेवलं,
मग विचारलं, "तुमच्याकडे मोजता काशानं?"
याचं उत्तर नवांपैकी एकाही मुद्द्यात नव्हतं.

मोजायच्या पट्ट्या हालिनाबाईंनी धाडल्या,
पोलंडातल्या कुठल्याशा कोळशाच्या गावाहून.
त्यांच्या नदीचा पलीकडचा काठ म्हणजे दुसरा देश,
आणि राख दोन्ही काठांना.
पार्सल कस्टममध्ये सतरा दिवस अडकलं.
कोणी फुकट काही पाठवतं, तेही पाणी मोजायला,
हे साहेबाला पटेना.
आतल्या चिठ्ठीत यंत्रानं केलेली मोडकी हिंदी:
पहले अपना पानी नापो. पडोसी का बाद में.
मला तो खवचटपणा वाटला.

पट्ट्या बुडवल्या.
सौसर, फिकट पिवळी.
बिना संगम, कडक चहासारखी.
अंभोरा, कुठंतरी मधे.
आणि चौथी बाटली,
जी घरात आणायलाच बायकोनं साफ नाही म्हटलं,
नाग नदीची,
आमच्या मागच्या गल्लीतली,
जिच्यात माझी मोरी जाते, माझ्या कॉलेजची बेसिनं जातात,
ती पट्टी
काळीठिक्कर.

अठ्ठावीस वर्षं नळ्या धुतल्या.
धुतलेलं पाणी जातं कुठं,
एकदाही विचारलं नाही.

इमरतला आकडा सांगताना घसा बसला.
तो हसला नाही.
"लिहून घेतलं दादा," म्हणाला,
"खालच्या बाईले सांगजा."
सुलोचनाला सांगितलं.
ती बराच वेळ बोलली नाही,
मग एक शिवी दिली, नेमकी कोणाला ते मी विचारलं नाही,
आणि दुसऱ्या दिवशी सहा बायका घेऊन
माझ्या मागच्या गल्लीत येऊन उभी राहिली.

अजून काही सुधारलेलं नाही, हे लिहून ठेवतो.
तीन कचेऱ्यांना अर्ज गेले, एकीची पोच आली,
तीही चुकीच्या तारखेची.

पण परवा रात्री दीडला फोन.
इमरत. "पानी लाल उतरून राह्यलं. उद्या सांजेलोक तुमच्याकडे."
मी सुलोचनाला उठवलं.
तिनं अंधारात जाळी ओढली,
आणि अंभोऱ्याच्या नावाड्याला, त्यानं सिरोंच्याच्या मेहुण्याला,
मेहुण्यानं प्राणहितेपलीकडे, तेलंगणात
कोणा राजव्वाला.
लाल पाणी अजून खाप्याच्याही वर होतं,
गोसेखुर्दची भिंत तर पुढेच,
आणि आमचा निरोप दोन राज्यं ओलांडून
तिच्या अंगणात पोचला होता.

सकाळी माझ्या फोनवर तिचा आवाज,
चाळीस सेकंद, सगळी तेलुगू.
मागे कोंबडी, बादलीचा कडीखडखडाट.
तीनदा ऐकलं.
एकच शब्द सापडला, पुन्हापुन्हा येणारा.
नीळ्ळु.

मी फ्रिज उघडला,
कोथिंबीर सरकवली,
पाचव्या बाटलीपुरती जागा केली.